सशाचे ऋण

वसुबारसेची संध्याकाळ होती. आमच्या सौभाग्यवतींनी उंबऱ्यापुढच्या हातभर जागेत रांगोळीची गाय आणि तिला लुचणारे वासरू काढले होते. तिसऱ्या मजल्यावर खरी गाय आणायची कोठून! मुलगी दिवाळीला माहेरी आलेली. तिला तिसरा महिना, आणि ओकाऱ्यांनी जीव अगदी नकोसा झालेला. चकलीचा घाणा पडला की ही मोरीकडे धावे. शेवटी शेजारच्या काकूंनी मोठ्या मायेने एक गोळी आणून दिली. त्यांच्या सुनेला म्हणे तिनेच उतार पडला होता.

मुलगी गोळी तोंडात टाकणार, तोच माझी भाची दारात उभी. ती पुण्याला एका प्रयोगशाळेत नोकरी करते. चपला न काढताच तिने विचारले, "ताई, डॉक्टरांना विचारलंस?"

"अगं, साधी गोळी आहे," सौ. म्हणाल्या.

"मामी, थॅलिडोमाइडलाही लोक साधी गोळीच म्हणत होते."

मग फराळ बाजूला राहिला आणि तिने सारी हकीकत सांगितली. १९५७ साली पश्चिम जर्मनीत ही झोपेची गोळी विक्रीला आली. इतकी निर्धोक, की तिथे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळे. गर्भारपणातल्या मळमळीवरही ती घेतली जाऊ लागली. पुढे हात-पाय खुरटलेली मुले जन्मू लागली. खांद्यालाच तळहात फुटलेला, असे! हांबुर्गचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विदुकिंड लेंट्स यांनी या गोळीवर बोट ठेवले, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये ती तिथल्या बाजारातून उठली. तोवर जगात दहा हजारांवर मुलांचे नुकसान होऊन गेले होते. गर्भाचे अवयव घडण्याच्या त्या दोन-तीन आठवड्यांत एखादी गोळीही पुरे होई.

अमेरिकेत मात्र डॉ. फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाई आडव्या आल्या. १९६० साली त्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी कचेरीत नुकत्याच लागल्या होत्या. कंपनीने तगादा लावला, वरिष्ठांकडे गाऱ्हाणी नेली. बाईंचे उत्तर एकच, पुरावा अपुरा आहे. नमुन्यादाखल वाटलेल्या गोळ्यांनी तिकडेही थोड्या मुलांचा घात झालाच, पण मोठा अनर्थ टळला.

"आधी जनावरांवर पाहिलं नव्हतं का?" मी विचारले.

"गाभण जनावरांवर नीट पाहिलंच नव्हतं, मामा. नंतर पाहिलं, तर उंदरांची पिल्लं बहुतेक धडधाकट! १९६२ मध्ये पांढऱ्या सशांना औषध दिलं, तेव्हा माणसासारखंच व्यंग दिसलं."

असे का, याचा उलगडा व्हायला पुढे अर्धे शतक लागले. २०१० साली जपानी शास्त्रज्ञांनी हे औषध शरीरातल्या कोणत्या प्रथिनाला चिकटते ते शोधले. त्या प्रथिनाची घडण उंदरात किंचित निराळी आहे, हे त्यामागचे एक कारण. म्हणून आता नवे औषध सामान्यतः दोन जातींत तपासतात, उंदीर किंवा घूस यांपैकी एक, आणि बहुधा ससा. एका गटाला औषध द्यायचे नाही, बाकीच्यांना कमी-अधिक मात्रा. सशाची मादी एकतीस दिवसांनी विते. त्याच्या एक-दोन दिवस आधी तिला मारून गर्भ मोजायचे, हाडे लाल रंगात रंगवून एकेक तपासायचे. भाचीचे काम हेच.

सौ.च्या हातातली करंजी हातातच राहिली. "गाभणीला मारता? आणि आज वसुबारस!"

भाची लगेच काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "मामी, पहिल्या दिवशी मी जेवले नव्हते. आजही सवय झाली आहे असं नाही. पेशींवर, माशांच्या अंड्यांवर तपासण्या निघाल्यात, जनावरं कमी लागावीत म्हणून खटपट चालू आहे. पण अजून सगळं त्यांच्यावर सोडवत नाही. मोजताना माझी चूक झाली, तर तो ससाही फुकट गेला आणि कुणाचं तरी मूलही. म्हणून मी दोनदा मोजते."

वाचकहो, आमच्या घरात औषधांचा एक डबा आहे. त्यातली कोणती गोळी कोणाची, केव्हाची, हे देवच जाणे. तरी आम्ही ती मोठ्या उदारपणे आल्यागेल्याला देतो. तिकडे एका औषधाच्या खरेपणासाठी मुकी जनावरे जीव देतात, आणि त्यांनी दिलेली साक्ष डॉक्टरला विचारण्याचाही आम्हाला कंटाळा! ऋण म्हणतात ते याहून निराळे काय असते?

मुलीने गोळी काकूंना परत केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला गर्भारपणात चालणारे औषध लिहून दिले आणि थोडे थोडे खायला सांगितले.

त्या रात्री दिवे लावताना सौ.नी भाचीला विचारले, "त्या सशांना नावं असतात का गं?"

"नाही मामी. नंबर असतात."

सौ. काही बोलल्या नाहीत. गाय-वासराच्या रांगोळीशेजारी त्यांनी आणखी एक पणती ठेवली. कोणासाठी, ते मीही विचारले नाही.