नवा कॅमेरा घ्यावा काय?

लग्नसराई जवळ आली की घरोघरी हा विषय निघतोच. पाच-सहा वर्षांपूर्वी घेतलेला मिररलेस कॅमेरा उत्तम चालतो आहे. परंतु त्याची पुढील आवृत्ती बाजारात आली आहे आणि दुकानदार जुना परत घेण्यास तयार आहे. सोन्याची घडणावळ काटेकोरपणे तपासणारे आपण या व्यवहारात मात्र नवेपणावर भाळतो.

आकडेच पाहू. सोनीचा २०१८ चा ए सेव्हन थ्री २४ मेगापिक्सेलचा. २०२१ चा ए सेव्हन फोर ३३ मेगापिक्सेलचा. फरक मोठा वाटतो, पण चित्राच्या लांबीत तो सुमारे १७ टक्केच भरतो. २४ मेगापिक्सेलचे चित्र ६००० पिक्सेल लांब असते. अल्बमचे अठरा इंची पान छापले तरी इंचास ३३३ पिक्सेल पडतात आणि उत्तम छपाईस ३०० पुरतात. निकॉनने तर २०१८ च्या झेड सिक्समध्ये आणि २०२४ च्या झेड सिक्स थ्रीमध्ये साडेचोवीस मेगापिक्सेलच ठेवले.

मग सहा वर्षांत बदलले काय? वेग, हलत्या माणसाच्या डोळ्यांवर फोकस धरून ठेवण्याची क्षमता आणि व्हिडिओ. वरातीत नाचणाऱ्यांना टिपायचे असेल, तर हा लाभ खरा आहे. लग्नाची कामे घेणाऱ्या व्यावसायिकास दोन कार्डांची सोयही मोलाची; पहिल्या झेड सिक्समध्ये एकच खाच होती, २०२० च्या आवृत्तीत दोन आल्या. परंतु जळगावच्या पेढीवर दागिन्यांची छायाचित्रे काढणाऱ्यास याचा काय उपयोग? दागिना पळत नाही. नथीतील मोत्याचे पाणी प्रकाशाच्या मांडणीने उठून दिसते. त्याला मॅक्रो लेन्स, दोन चांगले दिवे आणि भक्कम तिपाई अधिक देईल.

आपल्याच खानदेशात चाळीसगावच्या केकी मूस (१९१२–१९८९) यांनी घराच्या चार भिंतींत राहून टेबलावर लहानसहान वस्तू मांडल्या आणि त्यांतून निसर्गदृश्ये उभी केली. ‘टेबलटॉप’ छायाचित्रणाने त्यांना जगभर नाव मिळाले. त्यांचे घर आज कलादालन आहे. नवा कॅमेरा मागणाऱ्या मुलास तेथे एकदा अवश्य न्यावे. (हट्ट सुटेलच अशी हमी नाही!)

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वर्ज्य आहे. तेथील अंधारात एफ ४ च्या लेन्सऐवजी एफ १.८ ची लावली, तर जुन्याच कॅमेऱ्यास सुमारे पाचपट प्रकाश मिळतो. एवढा फरक नवी आवृत्ती देत नाही. शिवाय कॅमेरा जुना होतो तितक्या झपाट्याने चांगली लेन्स जुनी होत नाही. तिचे मोल बाजारात टिकते.

खरेदी पेढीच्या नावे करावयाची असल्यास हिशेब वेगळा. कॅमेऱ्यावरील १८ टक्के जीएसटीचे क्रेडिट व्यवसायापुरत्या वापरासच मिळते. सहलीस आणि बारशास वापरावयाचा कॅमेरा पेढीच्या खात्यात घालणे उचित नव्हे. क्रेडिट घेतल्यास घसाराही जीएसटी वगळून उरलेल्या रकमेवर धरावा लागतो. हे आपल्या सी.ए.ना आधीच विचारावे.

एवढ्यावरही मन नव्याकडेच ओढत असेल, तर धुळ्यात वा जळगावात तो दोन दिवस भाड्याने मिळतो का पाहावे. घरच्याच एखाद्या कार्यात दोन्ही कॅमेऱ्यांवर एकच लेन्स आलटून पालटून लावून छायाचित्रे घ्यावीत, अल्बमच्या आकारात छापून आणावीत आणि कोणते कोणत्या कॅमेऱ्याचे हे न सांगता घरातील वडीलधाऱ्यांपुढे ठेवावीत.