अंदमानचे विमानभाडे परवडेना?
सुट्टीत अंदमानला जायचे ठरते. पण चौघांच्या विमानभाड्याचा आकडा पाहताच बेत बारगळतो. २ वर्षांवरील मुलांचेही भाडे जवळजवळ पूर्णच पडते. मग काय करावे? दिवाळी-नाताळची गर्दी टाळून फेब्रुवारीत जा. समुद्र तेव्हाही शांत असतो. चेन्नई किंवा कोलकात्यापर्यंत रेल्वेने जाऊन तेथूनच विमान धरा. सवड असेल तर या शहरांतून जहाजही आहे. मात्र प्रवासाला सुमारे ३ दिवस लागतात आणि तारखा बदलतात. म्हणून एक-दोन दिवसांची रजा जास्तच घ्या व परत येताना विमानच ठेवा. तिकिटे हाती आल्यावरच हॉटेल ठरवा. हवे तर मुक्काम एका दिवसाने कमी करा. पण सेल्युलर जेलमधील सावरकरांची कोठडी मुलांना दाखवायची राहू देऊ नका.