कुंडी बदलल्यावर फवारायचं काय?



कार्तिक पौर्णिमा झाली की आपल्या रत्नागिरीत गच्च्यांवर आणि अंगणात कुंड्यांची हलवाहलव सुरू होते. छोट्या पिशवीतलं टोमॅटोचं रोप मोठ्या कुंडीत जातं, दुसऱ्या दिवशी दुपारी मान टाकतं, आणि लगेच प्रश्न येतो, "काय फवारू गं?" माझं उत्तर दरवेळी एकच असतं: काहीही नाही. बऱ्याच जणींना ते आवडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

(काही घरांत टोमॅटो वर्ज्य आहे, ते मला ठाऊक आहे. तो वाद इथे नको.)

आपल्यात एक वाक्य फार चालतं, "जैविक आहे ना, मग चालतं." रासायनिक औषध नको, पण कडुलिंबाचं तेल चालेल, तंबाखूचं पाणी चालेल, साबणाचं पाणी तर काय, घरचंच. अगं, पण साबणाच्या पाण्याने मावा मरतो म्हणूनच लोक ते फवारतात. तंबाखूतलं निकोटीन हे तर जुनं कीटकनाशक. पिवळ्या चिकट सापळ्यावर माशी जिवंत चिकटते आणि तिथेच मरते. ही साधनं माणसाला आणि जमिनीला कमी घातक असतीलही, पण आपला प्रश्न तेवढाच नाही. कुणी म्हणतं, शेतकरीही फवारतो. त्याचं पोट त्या पिकावर आहे. श्रावकाच्या बाबतीत उद्योगी हिंसा वेगळी धरली आहे ती त्याचसाठी. आपल्या चार कुंड्यांवर कुणाचं पोट नाही. मावा मारायचा असं ठरवून बाटली उचलली, तर त्याला संकल्पी हिंसा म्हणण्यावाचून मला दुसरा शब्द सुचत नाही.

मारायचं नसेल, तर कीड येण्याआधीचे दिवस आपले. कुंडी बदलल्यानंतरचे पहिले दहा-पंधरा दिवस त्यात सगळ्यांत मोलाचे.

आपली परंपरा आणि इथलं हवामान यांचं इथे छान जमतं. चातुर्मासात उकराउकर टाळायची, आणि रत्नागिरीच्या धो धो पावसात टोमॅटो नीट होतच नाही. कोजागिरीच्या सुमारास टाकलेलं बी कार्तिक पौर्णिमेला महिन्याचं रोप होतं, कुंडी बदलायला अगदी योग्य वयाचं. चातुर्मासात पेरायला नको वाटत असेल, तर पौर्णिमेनंतर नर्सरीतून रोप आणावं.

रोप लावायचं संध्याकाळी, आणि खालची पानं काढून खोड मातीत जरा खोल. टोमॅटोच्या खोडाला मातीत नवी मुळं फुटतात. मग तीन-चार दिवस सावली, नंतर सकाळचं कोवळं ऊन, आठवड्याने पूर्ण ऊन. दुपारी मान टाकली तरी घाबरायचं नाही. हलवताना बारीक मुळं तुटलेली असतात, पानांना लागेल तेवढं पाणी ती ओढू शकत नाहीत. संध्याकाळी रोप परत उभं राहिलं तर सगळं ठीक आहे.

आणि इथेच आपले हात स्वस्थ बसत नाहीत. मान टाकली की पाणी, परत पाणी, मूठभर खत, माती उकरून बघणं. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं ही प्रमादचर्या म्हणून अनर्थदंडात धरली आहे. मला वाटतं, ओल्या मातीत पुन्हा तांब्या ओतणं यातच बसतं. शिवाय मुळं गुदमरून कुजतात ती वेगळीच. कोकोपीट घातलेल्या कुंडीत तर आपल्या दमट हवेत ओल दिवसेंदिवस टिकते. बोट दोन पेरं आत घालून बघा. कोरडं लागलं तरच पाणी, तेही गाळलेलं, बुंध्याशी, पानांवर नाही. खत नवी पालवी दिसल्यावर.

खताचं एक सांगायलाच हवं. तयार मातीच्या मिश्रणात बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, पुष्कळदा असतो. आपल्या किनाऱ्यावर मासळीचं खतही सहज मिळतं. टोमॅटोच्या व्हिडिओत तर अंड्याची टरफलं हमखास. पिशवीवर "सेंद्रिय" लिहिलं म्हणून गप्प घेऊन यायचं नाही. आत काय आहे ते दुकानदाराला विचारायचं. टरफलांतून मिळतो तो कॅल्शियम. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, तिला तो लागतोच. लावायच्या पंधरा दिवस आधी मातीत थोडा विझवलेला चुना मिसळला की काम होतं.

कधीकधी मात्र हिरवंगार रोप अचानक कोमेजतं आणि सकाळीही उठत नाही. तो बहुधा जिवाणूजन्य मर रोग. उष्ण, ओलसर, आम्ल मातीत तो फार. खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरलं आणि दुधट धागा सुटला, तर खात्री झाली. यावर फवारणी कामाचीच नाही. त्या कुंडीत पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरची लावू नका, पालेभाजी लावा. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची अर्का रक्षक ही संकरित जात या रोगाला आणि पानं चुरडणाऱ्या विषाणूलाही दाद देत नाही. बी मिळालं तर तेच घ्यावं.

पानं चुरडण्याचा तो रोग पांढरी माशी आणते. तिच्यासाठी मच्छरदाणी चालत नाही, भोकं मोठी पडतात. शेतीच्या दुकानात चाळीस मेशची बारीक जाळी मिळते. कुंडी बदलली त्याच संध्याकाळी चार काठ्या रोवून ती बांधायची, खालची कडा मातीत दाबायची. पाणी गाळायला कापड बांधतो तसंच हे, जीव आत येऊच नयेत म्हणून. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे जाळी फुलं आल्यावरही राहू दे. सकाळी दहाच्या सुमारास बाहेरून फांदीला दोन टिचक्या मारल्या की पुरे.