चिन्ह आपलं, मतदारसंघ त्यांचा

2014मध्ये महादेव जानकर बारामतीत 69,719 मतांनी हरले. इतकी वर्षं उलटली तरी विषय निघाला की एकच वाक्य कानावर येतं: कमळावर लढले असते तर निवडून आले असते. सुप्रिया सुळे यांच्यासमोर साडेचार लाख मतं मिळवली, पण त्यांच्या राष्ट्रीय समाज पक्षाचा (रासप) स्वतःच्या चिन्हाचा हट्ट नडला, असा त्याचा अर्थ.

हे वाक्य तपासून झालेलं आहे. 2019मध्ये भाजपने बारामतीत कांचन कुल यांना कमळावरच उभं केलं. त्या 1,55,774 मतांनी हरल्या. जानकरांपेक्षा दुपटीहून जास्त. तेव्हा मात्र चिन्हाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मुळात जानकर बारामतीत कशाला होते? त्यांचं गाव पळसावडे, तालुका माण. साताऱ्यातले माण आणि फलटण लोकसभेला माढ्यात मोडतात. 2009मध्ये याच माढ्यात, समोर खुद्द शरद पवार आणि भाजपचा उमेदवार वेगळा असताना, जानकरांनी 98,946 मतं घेतली होती. ती कुणाकडून उसनी आणलेली नव्हती. पण 2014ला महायुतीने माढा स्वाभिमानी पक्षाला दिला आणि तिथे उभे राहिले सदाभाऊ खोत, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्याचे. वाळव्याचा माणूस माढ्यात, माढ्याचा बारामतीत! सदाभाऊ 25,344 मतांनी पडले. पुढे दोघांनाही विधान परिषद मिळाली आणि 8 जुलै 2016ला एकाच समारंभात दोघांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. भरपाई चोख झाली म्हणायची.

बारामतीत पवार, माढ्यात मोहिते पाटील अशा घराण्यांसमोर कुणीतरी दमाचा माणूस हवा असतो. तो छोट्या पक्षातून घेतला की सोयीचं पडतं. हरला तर त्याचा हट्ट, मतं वाढली तर आमची लाट. जानकर चिन्हासाठी अडून बसले, ते योग्यच केलं. पण त्याच ताकदीने माढ्यासाठी अडले असते तर? नांगर स्वतःचा, रान मात्र दुसरा दाखवेल ते, अशी त्यांची लोकसभेची शेती राहिली.

2024ला माढ्यासाठी त्यांची शरद पवारांशी बोलणी सुरू होती. मार्चअखेर ते महायुतीकडे वळले आणि पदरात पडली परभणी. तीही अजित पवारांच्या वाट्यातली. चिन्ह शिट्टी. पंतप्रधान सभेला येऊन गेले. जानकर 1,34,061 मतांनी हरले.

माढा त्या वेळी भाजपने स्वतःकडे ठेवला होता. तोही गेला.