साउथ कॅरोलायनाचे साडेअठ्ठ्याण्णव टक्के

३ नोव्हेंबर १९३६ रोजी अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात अध्यक्षपदासाठी मतदान झाले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १,१३,७९१ मते पडली आणि रिपब्लिकन पक्षाच्या आल्फ्रेड लँडन यांना १,६४६. टक्केवारीत हे प्रमाण ९८.६ विरुद्ध १.४ असे होते. रूझवेल्ट यांनी त्या वर्षी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली, तरी एवढा टक्का त्यांना इतर कोणत्याच राज्याने दिला नाही. दक्षिणेतल्या एकपक्षीय राज्यात असा निकाल लागणे नवलाचे नव्हते. त्या निकालाचे कौतुक मात्र अजून संपलेले नाही, आणि खंडनाची गरज पडते ती त्या कौतुकामुळे.

कौतुक करणाऱ्यांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा: राज्य गरीब होते, कापसाचे भाव कोसळले होते, रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ने लोकांच्या हाताला काम दिले आणि कृतज्ञ जनतेने एकमुखाने कौल दिला. मतदान कमी झाले हे खरे, पण निकाल आधीच ठाऊक असताना मतपेटीपर्यंत पायपीट कोण करील? खरी चुरस पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत होत असे आणि तिथे लोक भरभरून मतदान करीत. मतदाराच्या पात्रतेचे नियम कडक असले तरी सर्वांना सारखेच होते. ज्यांना मत देता आले नाही, त्यांनीही ते रूझवेल्ट यांनाच दिले असते. सारांश, हे एकमत अस्सल होते आणि त्यावर शंका घेणारे रडीचा डाव खेळतात.

कृतज्ञतेचा मुद्दा आधी निकालात काढता येतो. १९२४ साली याच राज्याने डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन डेव्हिस यांना ९६.६ टक्के मते दिली. डेव्हिस हे वॉल स्ट्रीटचे वकील. देशभरात त्यांना २९ टक्केही मते मिळाली नाहीत. ‘न्यू डील’ तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पुढे १९२८ मध्ये अल् स्मिथ उभे राहिले. ते न्यूयॉर्कचे, कॅथलिक आणि दारूबंदीचे विरोधक होते. म्हणजे दक्षिणेतल्या बाप्टिस्ट, मेथडिस्ट मतदाराला खटकावे असे सगळे गुण त्यांच्यापाशी होते. टेक्सास, फ्लोरिडा, व्हर्जिनियासारखी राज्ये त्या वर्षी पक्षाच्या हातून निसटली, पण साउथ कॅरोलायनाने स्मिथ यांच्या पदरात ९१ टक्के टाकले. वकिलाला शहाण्णव, कॅथलिकाला एक्क्याण्णव आणि रूझवेल्ट यांना अठ्ठ्याण्णव. उमेदवार बदलला तरी आकडा जवळपास तोच राहत असेल, तर त्याचे श्रेय उमेदवाराला कसे देणार? रूझवेल्ट तिथे लोकप्रिय होते, विशेषतः कापडगिरण्यांच्या कामगारांत, हे नाकारण्याचे कारण नाही. ती लोकप्रियता त्यांना साठ टक्के देत होती की नव्वद, हे ९८.६ या आकड्यावरून कळण्याची सोय नाही, एवढेच.

आता पूर्वपक्षाचा लाडका मुद्दा. खरी निवडणूक म्हणजे पक्षाची प्राथमिक निवडणूक, नोव्हेंबरमधली नुसता उपचार, हे वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या जाणतेपणाने उच्चारले जाते की ऐकणाऱ्याला आपणच अडाणी असल्यासारखे वाटावे. त्यात अर्धे सत्य आहे. १९३६ च्या उन्हाळ्यात सिनेटच्या जागेसाठी झालेल्या प्राथमिक निवडणुकीत अडीच लाखांहून जास्त मते पडली आणि जेम्स बर्न्स विजयी झाले. नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपदासाठी जेमतेम १ लाख १५ हजार लोक आले. पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीला डोईपट्टीची, म्हणजे मतदानासाठी भरायच्या माणशी कराची, पावती लागत नसे, म्हणून गरीब गोरा गिरणीकामगार तिथे मत देऊ शकत असे. इथवर ठीक.

पण प्रश्न अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा आहे, आणि अध्यक्षपदाचा उमेदवार राज्यातल्या प्राथमिक निवडणुकीत ठरतच नव्हता. तो ठरत असे राष्ट्रीय अधिवेशनात, आणि तिथले प्रतिनिधी पाठवीत असे पक्षाचे प्रांतिक अधिवेशन. १९३६ मध्ये फिलाडेल्फियाला रूझवेल्ट यांची उमेदवारी एकमुखी जयघोषाने जाहीर झाली. त्याआधी साउथ कॅरोलायनातल्या एकाही सामान्य मतदाराला रूझवेल्ट हवेत की आणखी कोणी, असे मतपत्रिकेवर विचारले गेले नव्हते. म्हणजे राज्यपाल आणि सिनेटर यांच्यापुरती ‘खरी निवडणूक’ उन्हाळ्यात होत असेल, पण अध्यक्षपदासाठी नोव्हेंबरचा उपचार हीच एकमेव निवडणूक होती. तिला उपचार म्हणायचे, तर त्या राज्यात अध्यक्षपदाची निवडणूक होतच नव्हती असे कबूल करावे लागते. ही कबुली पूर्वपक्षाला परवडणारी नाही. म्हणून चर्चा इथवर आली की तो लगबगीने सिनेटकडे वळतो.

सिनेटकडेही वळून पाहावे. त्याच फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने प्रार्थना म्हणायला सुरुवात केली, तेव्हा साउथ कॅरोलायनाचे सिनेटर एलिसन स्मिथ, ज्यांना लोक ‘कॉटन एड’ म्हणत, उठून सभागृहाबाहेर गेले. दोन वर्षांनी रूझवेल्ट यांनी त्यांना पाडण्यासाठी उघड प्रयत्न केले. प्राथमिक निवडणुकीच्या मतदारांनी स्मिथ यांनाच निवडून दिले. जी जनता नोव्हेंबरात अध्यक्षांच्या पायाशी ९८.६ टक्के वाहते, तीच दोन वर्षांत त्यांच्या शत्रूला उमेदवारी देते. निष्ठा होती ती पक्षाच्या नावावर, रूझवेल्ट यांच्या धोरणावर नव्हे.

आणि या ‘खऱ्या निवडणुकीत’ मतदार कोण? पक्ष म्हणजे खासगी मंडळ, त्याने आपले सभासद ठरवावेत, असा सिद्धान्त होता, आणि मंडळाने ठरवलेले सभासद गोरे होते. बरीच वर्षे एक अपवाद नियमात नमूद होता: ज्या कृष्णवर्णीयाने १८७६ मध्ये राज्यपालपदाचे डेमोक्रॅटिक उमेदवार वेड हॅम्प्टन यांना मत दिले आणि तेव्हापासून अखंड डेमोक्रॅटिक पक्षालाच देत आला, त्याला प्राथमिक निवडणुकीत प्रवेश. त्याची साक्ष दहा गोऱ्यांनी द्यायची. १८७६ साली एकवीस वर्षांचा असलेला माणूस १९३६ मध्ये एक्याऐंशीचा झाला असता. औदार्याचा हा नमुना ज्यांना लोकशाहीचा पुरावा वाटतो, त्यांना पुरावा या वस्तूचीच फारशी गरज नसावी.

खासगी मंडळाच्या सिद्धान्ताची पुढची कथाही सांगण्याजोगी आहे. एप्रिल १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासच्या ‘स्मिथ विरुद्ध ऑलराइट’ खटल्यात केवळ गोऱ्यांसाठीची प्राथमिक निवडणूक घटनाबाह्य ठरवली. त्याच महिन्यात साउथ कॅरोलायनाचे राज्यपाल ओलिन जॉन्स्टन यांनी विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले आणि प्राथमिक निवडणुकीसंबंधीचे सुमारे दीडशे कायदे काही दिवसांत रद्द करून टाकले. हेतू हा की, कायदाच उरला नाही तर राज्याचा हातही दिसणार नाही आणि पक्ष पुन्हा खासगी. १९४७ मध्ये चार्ल्स्टनचे न्यायाधीश वेटीस वेअरिंग यांनी जॉर्ज एल्मोर यांच्या खटल्यात ही युक्ती मोडीत काढली. त्यावर पक्षाने मतदाराकडून वांशिक विभक्ततेला पाठिंब्याची शपथ मागितली. वेअरिंग यांनी १९४८ मध्ये तीही अडवली आणि त्या ऑगस्टच्या प्राथमिक निवडणुकीत हजारो कृष्णवर्णीयांनी मत दिले. दीडशे कायदे पुसून टाकण्याइतकी घाई खऱ्या एकमताला होत नसते.

नियम सर्वांना सारखे होते, हा जुनाच वाद. शंभर वर्षे त्याचा काथ्याकूट चालू आहे, म्हणून इथे १८९५ च्या राज्यघटनेतली कलमेच पाहावीत. सिनेटर बेन टिलमन यांच्या पुढाकाराने भरलेल्या त्या घटनापरिषदेत १६० सदस्य होते. त्यांपैकी ६ कृष्णवर्णीय. त्यांत होते रॉबर्ट स्मॉल्स, ज्यांनी गुलाम असताना १८६२ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, चार्ल्स्टन बंदरातून दक्षिणेचे जहाजच पळवून उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केले होते. परिषदेने ठरवले की मतदार राज्यात दोन वर्षे राहिलेला असावा, डोईपट्टी निवडणुकीच्या सहा महिने आधी भरलेली असावी, त्याला घटनेचे कोणतेही कलम वाचता-लिहिता यावे किंवा त्याच्या नावावर ३०० डॉलरची मालमत्ता असावी. सुरुवातीच्या दोनतीन वर्षांसाठी पळवाट होती: वाचता येत नसेल तर ऐकून अर्थ सांगितला तरी चालेल. अर्थ बरोबर की चूक, हे नोंदणी अधिकाऱ्याने ठरवायचे, आणि तो गोरा असे. मताधिकार घालवणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत चोरी आली, व्यभिचार आला, बायकोला मारहाण आली, जाळपोळ आली. खून मात्र यादीबाहेर राहिला. कोणते गुन्हे कोणाचे समजले जातात, याचा अंदाज बांधून ती यादी केली होती. सारखे नियम हे असे.

मतपेटीपर्यंत पायपीट कोण करील, या युक्तिवादाला १८७६ चे आकडे उत्तर देतात. त्या वर्षी साउथ कॅरोलायनात अध्यक्षपदासाठी १ लाख ८२ हजारांवर मते पडली आणि रिपब्लिकन उमेदवार हेज केवळ ८८९ मतांनी पुढे राहिले. तेव्हा राज्याची लोकसंख्या दहा लाखांच्या आत होती आणि मत फक्त पुरुषांना होते. त्या मोजणीत दोन्हीकडच्या लबाड्या मिसळलेल्या आहेत आणि लाल सदरे घातलेल्या घोडेस्वारांची दहशतही आहे, हे गृहीत धरूनही हे मतदान मोठेच होते. १९२४ पर्यंत स्त्रियांना मताधिकार मिळालेला, लोकसंख्या सतरा लाखांच्या आसपास, आणि मते सुमारे ५१ हजार. जनतेचा उत्साह आपोआप इतका आटत नाही. १८८२ च्या ‘आठ पेट्यां’च्या कायद्याने प्रत्येक पदासाठी वेगळी पेटी ठेवली, चुकीच्या पेटीत पडलेले मत बाद, आणि पेट्यांची जागा बदलता येत असे. त्यानंतर १८९५ ची घटना आली. दार असे एकेक करून बंद केले गेले आणि मग आत गर्दी का नाही, याबद्दल बाहेरच्यांच्या आळसावर बोट ठेवले गेले.

लँडन यांच्या १,६४६ मतांबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. साउथ कॅरोलायनात सरकारी छापील गुप्त मतपत्रिका १९५० पर्यंत नव्हती. हे राज्य त्या बाबतीत देशात शेवटचे. पक्ष आपापल्या मतपत्रिका छापत आणि मतदार त्यांतली एक उचलून पेटीत टाकी. शेजारी उभ्या असलेल्या गिरणीच्या मुकादमाला किंवा जमीनदाराला ती कोणती, हे दिसत असे. शिवाय त्या वर्षी राज्यातले रिपब्लिकन दोन गटांत फुटलेले होते आणि दोघांच्या उमेदवार-याद्या वेगळ्या. त्यांतला एक गट जोसेफ टोल्बर्ट यांचा. याच टोल्बर्ट घराण्याने १८९८ मध्ये फिनिक्स गावी मत नाकारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांची प्रतिज्ञापत्रे गोळा करायला घेतली, तेव्हा गोळीबार होऊन त्यातून दंगल आणि कृष्णवर्णीयांच्या हत्या झाल्या. ज्या राज्यात विरोधी मतपत्रिका उचलण्याला हा इतिहास आहे, तिथे १,६४६ लोकांनी ती उचलली हेच आश्चर्य.

राहिला शेवटचा मुद्दा: मत मिळाले असते तरी कृष्णवर्णीयांनी ते रूझवेल्ट यांनाच दिले असते. उत्तरेकडे तसे घडले, म्हणून इथेही घडले असते असे मानता येईल. पण ज्याला विचारलेच नाही त्याचे उत्तर आपण देऊन टाकायचे, हीच तर त्या राज्याच्या पक्षाची रीत होती.

आता मंडन. १९३६ चा निकाल वाचायचा तर टक्केवारी बाजूला ठेवून, किती माणसांच्या मतावर अध्यक्षाची निवड करणारे किती निर्वाचक निवडले गेले हे पाहावे. १९३० च्या जनगणनेनुसार साउथ कॅरोलायनाची लोकसंख्या १७.४ लाख आणि कनेक्टिकटची १६ लाख. दोघांनाही निर्वाचक आठ. कनेक्टिकटमध्ये १९३६ साली ६ लाख ९० हजारांवर लोकांनी मत दिले, साउथ कॅरोलायनात १ लाख १५ हजारांनी. म्हणजे दक्षिणेतला एक मतदार उत्तरेतल्या सहांच्या बरोबरीने अध्यक्ष निवडत होता. मत नाकारलेले लोक निर्वाचकांच्या हिशेबात धरले जात आणि मतपेटीच्या हिशेबात वगळले जात. चौदाव्या घटनादुरुस्तीचे दुसरे कलम अशा राज्याचे प्रतिनिधित्व कमी करायला सांगते. ते कलम कधीही अमलात आले नाही. राष्ट्रीय पक्षांना त्या आठ निर्वाचकांची आणि काँग्रेसमधल्या जुन्या दक्षिणी सदस्यांची गरज होती, हे त्याचे मुख्य कारण.

एकमत कोणाशी होते, ते १९४८ ने दाखवले. त्या वर्षी राज्यातला डेमोक्रॅटिक पक्ष अध्यक्ष ट्रुमन यांच्याऐवजी राज्यपाल स्ट्रॉम थर्मंड यांच्या मागे उभा राहिला आणि थर्मंड यांना ७२ टक्के मते पडली. त्याच पक्षाचे राष्ट्रीय उमेदवार असलेल्या ट्रुमन यांना २४ टक्के. पुढे १९५० मध्ये गुप्त मतपत्रिका आली, १९५१ मध्ये डोईपट्टीची अट गेली, आणि १९५२ मध्ये ३ लाख ४० हजारांवर मते पडून डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्टीव्हन्सन यांनी रिपब्लिकन आयझेनहॉवर यांच्यावर ५०.७ विरुद्ध ४९.३ असा निसटता विजय मिळवला. यात बर्न्स यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी उघडपणे आयझेनहॉवर यांची बाजू घेतल्याचाही हात आहे, त्यामुळे सगळे श्रेय सुधारणांना देता येणार नाही. तरी सोळा वर्षांत ९८.६ चे ५०.७ झाले, तेही बहुसंख्य कृष्णवर्णीय अजून नोंदणीच्या बाहेरच असताना. साक्षरतेची अट १९६५ च्या मताधिकार कायद्याने स्थगित केली. त्या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेणारे पहिले राज्य साउथ कॅरोलायना होते, आणि १९६६ मध्ये ते हरले.