थोरल्याची कैफियत

घरात दुसरे मूल जन्माला आले की पेढ्यांचे पुडे, बाळंतविडे, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर यांच्या धांदलीत ज्या एका व्यक्तीची विचारपूस करण्याचे कोणालाही सुचत नाही, ती व्यक्ती म्हणजे त्याच घरातील दोन-अडीच वर्षांचे पहिले मूल होय. कालपर्यंत आईच्या कुशीवर ज्याचा निर्वेध हक्क होता, त्याची एका रात्रीत, संमती विचारल्यावाचून, ‘ताई’ किंवा ‘दादा’ या पदावर नेमणूक होते. जबाबदारी अंगावर येते, पूर्वीचे अधिकार मात्र काढून घेतले जातात, आणि वर त्याने आनंदच मानावा अशी सर्वांची अपेक्षा असते. त्यात भेटीस येणारी मंडळी ‘आता तुझे लाड संपले हं’, ‘हे बाळ आम्ही घेऊन जातो’ अशी आपली थट्टेची हौस भागवून घेतात. परंतु आई चार दिवस घरातून नाहीशी झालेली ज्याने नुकतीच पाहिली आहे, त्याच्या लेखी घरातली माणसे नेली जातात ही थट्टा नसून अनुभवाने सिद्ध झालेली गोष्ट असते.

या मुलांच्या वर्तनाला मत्सर म्हणून आपण मोकळे होतो. व्हिएन्नाचे वैद्य आल्फ्रेड आडलर यांनी पहिल्या मुलाच्या या अवस्थेचे वर्णन पदच्युतीच्या भाषेत केले आणि ते लोकप्रियही झाले. मला ते अपुरे वाटते. ज्याची गादी गेली त्याला राग येतो, पण सोडलेली बाटली पुन्हा मागणारे, रात्री अंथरूण ओले करणारे, आई न्हाणीघरात गेली तरी दाराशी बसून आक्रोश करणारे मूल मुख्यतः भ्यालेले असते. ते बाळाला मधूनच चिमटा काढते हेही खरेच.

आणि जे रडत नाही, त्याची चिंता अधिक करावी. लंडनचे जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक चित्रपट तयार केला. लॉरा नावाची सुमारे अडीच वर्षांची मुलगी किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस इस्पितळात एकटी राहते, एवढेच त्याचे कथानक. ती फारसा आकांत करीत नाही, मधूनच आईची चौकशी करते, आणि शेवटी घरी जाताना आईचा हात धरीत नाही. हा चित्रपट पाहून कित्येक डॉक्टर रुष्ट झाले. तथापि १९५९ साली प्लॅट समितीने मुलांच्या भेटीगाठींवरील निर्बंध उठविण्याची शिफारस ब्रिटनच्या सरकारला केली, तीत या चित्रपटाचा वाटा मोठा होता. आपल्याकडे प्रसूतिगृहाच्या दारावरील ‘लहान मुलांना प्रवेश नाही’ ही पाटी अजून अनेक ठिकाणी शाबूत आहे. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागापुरती ती योग्यच. पण साध्या खोलीत निजलेल्या आईला दहा मिनिटे पाहण्याची मुभाही थोरल्याला नसावी, आणि त्याला ‘आई ऑफिसला गेली’ असे सांगून फसवावे, याचे समर्थन मला सापडत नाही.

आई घरी परतल्यावर तर सव्वा महिन्याचा कारभार सुरू होतो. बाळाला न्हाऊ घालायला बाई येते, पायांवर पालथे घेऊन टाळूवर तेल थापते, शेगडीवर धुरी पडते. आणि थोरली उंबऱ्यावर उभी राहून, ‘हे बाळ परत कधी जाणार?’ असे गंभीरपणे विचारते. ‘आईला त्रास देऊ नकोस’ असे म्हणून मामा तिला बागेत नेतो, आजी गोष्ट सांगते, काका नवी मोटार आणतो. तिला हवी असते ती आई सोडून बाकी सारे तिला मिळते. वास्तविक तान्हे मूल दिवसाचा बहुतेक काळ झोपते, आणि दुधाची वेळ सोडली तर कोणत्याही उबदार खांद्यावर निश्चिंत विसावते. तेव्हा बाहेर धाडायचे असेल तर बाळाला दुसऱ्या खोलीत धाडावे, आणि आईचा अर्धा तास थोरलीच्या नावे लिहून द्यावा.

ही तजवीज करणार कोण, तर बाप. आणि येथे कायदा आपल्या कामी येत नाही. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी आईची रजा २६ आठवड्यांची झाली, ते योग्यच झाले. बापाच्या रजेविषयी मात्र त्यात अवाक्षर नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास १५ दिवस मिळतात, खाजगी नोकरीत सारे मालकाच्या मर्जीवर. (शेतमजुरीला जाणाऱ्या बाईच्या घरी थोरली पोरच तान्ह्याला काखेला मारून हिंडते, तिची कैफियत याहून गंभीर आहे.) शिवाय मिळालेले १५ दिवस जन्मनोंदणी, बारशाचा हॉल आणि पाहुण्यांची ने-आण यांतच खर्ची पडतात. माझ्या मते ही रजा पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेस अधिक असावी, कारण पहिल्या बाळंतपणात माहेर हाताशी असते आणि सांभाळायला मूल एकच असते. तिची मुदतही बदलावयास हवी. आजच्या नियमाप्रमाणे ती जन्मापासून सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. पण बाळ रांगू लागून थोरल्याच्या मोटारींना हात घालते आणि खऱ्या कुरबुरीला तोंड फुटते, ते बहुधा त्यानंतरच.