पडदा टांगला, फिटर कुठाय?



सध्या एक शिवी फार स्वस्त झालीय. "मास्तरांना टेक्नॉलॉजी येत नाही." संस्थाचालक म्हणतो, पेपरवाला म्हणतो, आणि कर्ज काढून पोरगं कॉन्व्हेंटात घातलेला आपल्याच वस्तीतला बापही म्हणतो, बाई मागं पडल्या. माझं भांडण या शिवीशी आहे. थोडं आपल्याच लोकांशीही आहे.

मी मिलमध्ये आहे. मुलुंड चेकनाका ओलांडून रोज भिवंडीकडं जातो, मागावर उभा राहतो. शाळा नववीत सुटली. पुढचं सगळं बाबासाहेबांच्या खंडांनी आणि रातपाळीनं शिकवलं. तेव्हा यंत्र म्हणजे काय ते मला साहेबांनी सांगू नये. आमच्या सेठनं जुने शटलचे माग मोडीत काढून रॅपिअर आणले. मागाबरोबर कंपनीचा फिटर आला, पंधरा दिवस मुक्कामाला. सुटे भाग आले. वायरिंग नवं झालं. हात बसेस्तोवर माल कमी निघाला, तो तोटा सेठनं धरला. सेठ काय संत नाही, आमचं रक्त आटवतो तो. पण त्याला कापड पाहिजे. ज्याला कापड पाहिजे तो तेल घालतो, लाइटबिल भरतो, फिटर ठेवतो.

आता घाटकोपरात आमच्या वस्तीतल्या एका शाळेत चला. नाव लिहीत नाही, लिहिलं तर तिथल्या बाईंना उद्या घरी बसवतील. वर पत्रा, वर्गात साठेक पोरं, प्लग एकच. पंखा लावायचा की प्रोजेक्टर, हे बाईंनी ठरवायचं. खिडकीला पडदे नाहीत, म्हणून दुपारी भिंतीवर चित्र दिसत नाही. प्रोजेक्टरचा दिवा गेला तो गेलाच, नव्या दिव्याचे पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे ते कुणालाच माहीत नाही. नेट बाईंच्या मोबाइलचं, रिचार्ज बाईंच्या पर्समधून. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत, छान आहेत. पण घरातला एकुलता फोन बापासोबत दिवसभर रिक्षात फिरतो. पोरीनं तो कोड काय नखानं खरवडायचा?

आणि पगार? २००१ साली सरकारनं 'कायम विनाअनुदानित' हे धोरण आणलं. २००९ साली त्यातला 'कायम' हा शब्द काढला. शब्द गेला, पैसा आला नाही. २०१६ पासून वीस टक्क्यांचा टप्पा सुरू झाला. वीस टक्के अनुदान म्हणजे सरकारकडून वीस टक्के पगार. पुढच्या टप्प्यासाठी हीच माणसं जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात चिखलात बसली होती. त्यांना सांगायचं, अपडेट राहा!

खरी टेक्नॉलॉजी बाई रात्री करतात, घरी, भाकऱ्या झाल्यावर. पोरांची माहिती पोर्टलवर भरायची. आधार जुळवायचं. आपल्या वस्तीतल्या पोराचं नाव दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, जन्मदाखला गावाकडं, नाहीतर नाहीच. आधार जुळलं नाही तर पोरगं बाकावर बसूनही पटावर धरत नाहीत. पट घटला की शिक्षकाचं पद जातं. म्हणजे यंत्र बाईंच्या हातात नाही, बाई यंत्राच्या हातात आहेत. मी त्यांना म्हटलं, बाई, तुम्ही मागं कुठं पडलात? त्या म्हणाल्या, "अरे, शिकवायला वेळ मिळाला तर कळेल ना मागं की पुढं!"

मग तोंडावर डिसले गुरुजी फेकतात. परितेवाडीच्या त्या माणसानं काम केलं, २०२० साली जगातला मोठा पुरस्कार मिळवला, त्याला सलाम. पण एका मास्तरानं हाडं झिजवली म्हणून बाकी हजारोंना दिवा, पडदा, फिटर द्यायचा नाही, हे कुठलं गणित? पालिकेनं २०१५ साली आठवीच्या पोरांना टॅब वाटले. वाटपाचे फोटो आले. पुढं नादुरुस्त टॅबच्या तक्रारीही पेपरात आल्या. यांना कापड नकोय, दोस्तांनो. यांना फक्त नव्या मागाशेजारी उभं राहून फोटो काढायचाय.

आता आपलं. चौदा एप्रिलला आपणही शाळेला प्रोजेक्टर भेट देतो. त्याच्यावर मंडळाचं नाव ऑइलपेंटनं, अध्यक्षांचं त्याहून मोठं. पंधरा एप्रिलला कोण जातं बघायला? दुसरे आपले विचारवंत म्हणतात, खडू-फळा पुरे, सावित्रीमाईंकडं कुठं कॉम्प्युटर होता. गप बसा. त्यांचीच पोरं घरी लॅपटॉपवर कोडिंग शिकतात. ज्यांच्या कानाला हजारो वर्षं अक्षर लागू दिलं नाही, त्यांच्या पोरांना सगळ्यात नवं यंत्र पाहिजे. चालू स्थितीत पाहिजे.

हे भिकेचं मागणं नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी हेच मांडलं होतं, की पैसा रयतेचा आणि शिक्षण वरच्यांचं. १९२७ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेब शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. लोकांकडून दारूच्या करातून जेवढं घेता, निदान तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब! आपण घोषणा पाठ केल्या आणि हिशेब विसरलो.

म्हणून माहिती अधिकाराचा एक अर्ज लिहून ठेवलाय, शिक्षण निरीक्षकाच्या नावानं. या शाळेत यंत्रं किती आली, चालू किती, दुरुस्तीला तीन वर्षांत किती रुपये दिले, लाइट आणि नेटचं बिल कुणी भरलं, शिक्षकांना प्रशिक्षण किती दिवस दिलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बाईंची सही घेऊ नका, त्यांना गोत्यात आणू नका, सही आपली. अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या पोरांनी आपापल्या वस्तीतल्या शाळा काढाव्यात. नक्कल मी देतो. शुक्रवारी माझा माग बंद असतो.